झाकण मागितलं आणि बाटली गळ्यात मारली, या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. शनिवारच्या गर्दीत तुम्हाला अर्धा तास ताटकळावं लागलं आणि वर माझा आवाज चढला, दोन्हीबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या आईंना बसायला स्टूलही दिलं गेलं नाही, ते चुकलंच.

पण "45 रुपयांचं झाकण मागायला गेलो, तर थोडं विष जास्त घातक असतं अशी अडाणी भीती घालून 640 ची स्टीलची बाटली गळ्यात मारली" हे वाक्य मला झोपू देत नाही. नाशिकच्या भांडी बाजारात हे दुकान वडिलांनी 1974 साली टाकलं. दिवाळी तोंडावर आलीय आणि गिऱ्हाईक आता आधी मोबाईलवर स्टार बघतं, मग गल्लीत शिरतं. म्हणून सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्याचं झाकण मागत होतात तो तुमचा पाण्याचा प्लास्टिकचा जग मी हातात घेऊन पाहिला होता. तळाला त्रिकोणात 7 चा आकडा, आतून पांढुरका पडलेला, सगळीकडे चरे. 7 मध्ये इतरही प्लास्टिक येतात, पण काचेसारखं टणक, पारदर्शक आणि इतकं जुनं म्हणजे ते बहुधा पॉलिकार्बोनेटच, इतकी वर्षं हा माल हाताळतोय. तुम्हीच म्हणालात की आठ वर्षं त्यात उकळतं पाणी ओततो, पावडरने घासतो, आणि आता बाळाच्या दुधाला पाणीही त्यातलंच घेतो. पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल ए नावाच्या रसायनापासून बनतं. गरम पाणी आणि क्षारयुक्त साबण यांनी ते झिजतं आणि बिस्फेनॉल सुटून पाण्यात उतरतं. 1998 मध्ये अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे याच प्लास्टिकचे पिंजरे चुकून फरशीच्या साबणाने धुतले गेले. उंदरांच्या स्त्रीबीजांत गुणसूत्रांची मांडणी बिघडण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असायचं, ते 40 पर्यंत गेलं. तो जग बघून मला ते पिंजरे आठवले. नवं झाकण दिलं असतं तर जग आणखी पाच वर्षं चालला असता, म्हणून दिलं नाही. 45 रुपये मलाही नको होते असं नाही.

आता मात्रेचं. तुम्ही चार गिऱ्हाइकांसमोर हसलात, "मी औषध कंपनीत आहे, डोस मला शिकवू नका" म्हणालात. साहेब, मात्रा वाढली की विष वाढतं हे बहुतेक गोष्टींना लागू आहे, ते मी नाकारत नाही. पण हार्मोनची गोष्ट वेगळी, आणि बिस्फेनॉल शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं. आमच्या घरात थायरॉईडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली जाते. एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक, आणि तेवढ्यावर अख्खं शरीर हलतं. हार्मोनसारखं वागणारं रसायन थोडं आलं तर पेशी त्याला खरा निरोप समजून कामाला लागते. फार आलं की निरोप घेणारी दारंच ती कमी करते, आणखी आलं तर पेशीच मरते आणि तो परिणाम दिसेनासा होतो. आलेख सरळ चढत नाही, मध्येच वाकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेनच्या थोड्या मात्रेत वाढतात आणि खूप मात्रेत मरतात, हे प्रयोगशाळांत कितीदा तरी दिसलंय.

नेहमीची तपासणी वेगळ्या गृहीतावर चालते. प्राण्यांना मोठ्या मात्रा द्यायच्या, परिणाम दिसेनासा होतो ती मात्रा धरायची, तिला शंभराच्या आसपास भागायचं आणि त्याखाली सगळं सुरक्षित समजायचं. आलेख वाकत असेल तर हा भागाकार खालच्या मात्रांचा धोका पकडतच नाही.

तरी माझी एक चूक कबूल करतो. मी "थोडं जास्त घातक असतं" असं ठासून बोललो, "असू शकतं" म्हणायला हवं होतं. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या बिस्फेनॉलवरच्या मोठ्या उंदीर-अभ्यासात सरकारी शास्त्रज्ञांना 2018 मध्ये फारसं काही सापडलं नाही, तर त्याच अभ्यासातल्या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी सगळ्यात कमी मात्रेवरही परिणाम दाखवले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये बिस्फेनॉलची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोला 4 मायक्रोग्रॅम ठेवली होती, 2023 मध्ये ती वीस हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या अशाच सरकारी संस्थेला ही कपात फार वाटली. एवढी मोठी माणसं भांडत असताना सहा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत मी सावध बाजू घेतली. आपल्याकडेही दूधबाटलीच्या प्लास्टिकमध्ये 2015 पासून मानकानुसार बिस्फेनॉल ए चालत नाही, पण तो नियम बाटलीचा आहे, पाण्याच्या जगाचा नाही.

बिल हाताने लिहून दिलं त्याबद्दल: जीएसटी नंबर त्यावर छापलेला आहे, काही लपवलेलं नाही. मशीनच्या गुळगुळीत कागदावरही बिस्फेनॉल असू शकतं, माझी मुलगी दिवसभर गल्ल्यावर बसते, म्हणून मशीन बंद केलं. आणि त्या 640 च्या बाटलीची माझी खरेदी 560 ची आहे. दुकानात या, वहीत दाखवतो. यात कोणी कोणाला लुबाडलं ते तुम्हीच सांगा.

शनिवारसाठी एक माणूस वाढवायचं बघतोय, आणि काउंटरवर शांतपणे बोलायचं मी मनावर घेतलंय. बाटली नको असेल तर वापरलेली असली तरी परत घेईन, पैसे पूर्ण देईन. घाईत तुमचा जग इथेच राहिलाय, धुऊन मागच्या फळीवर ठेवलाय. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवस सकाळी दहापासून मी असतो.