फक्त कार्ड तेवढं बदलायचंय

घरातला कॉम्प्युटर बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्याकडे जरा मायेनं पाहावं. दहावीच्या मार्कांवर किंवा इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनवर तो घरात आला. त्यावर असाइनमेंट कमी आणि काउंटर-स्ट्राइक जास्त झालं. दर खंडेनवमीला कॅबिनेटवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल चढलं. पंख्याच्या जाळीत मागच्या दहा दसऱ्यांचं कुंकू अजून आहे. असं जुनं माणूस भंगारात घालायला मन फार निर्दय लागतं. तुमचं तसं नाही. नवे गेम चालावेत म्हणून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, तेवढा नवा हवाय. तुम्हाला फक्त कार्ड तेवढं बदलायचंय.

हे वाक्य पाठ करून ठेवा. पुढचे चार महिने ते बायकोला, वडिलांना, दुकानदाराला आणि रात्री दोन वाजता स्वतःला ऐकवायचं आहे.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेट मात्र अजिबात उघडू नका. आत बहुधा २०११ सालचा आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क निघेल, आणि नको त्या वयात वैराग्य येईल. त्यापेक्षा व्हिडिओ पाहा. त्यातला मुलगा तेच कार्ड लावतो आणि त्याला गेममध्ये सेकंदाला १४० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात. त्याचा प्रोसेसर कोणता हे तो सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकतो. तेवढं पुढे ढकलायचं.

घरच्या परवानगीसाठी 'गेम' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'एडिटिंग' म्हणा, 'पोरांचं कोडिंग' म्हणा, हल्ली 'एआय' म्हटलं की मोठी माणसंही गप्प बसतात. अपवाद वडिलांचा. "अरे, चालतोय की तो. झालंय काय त्याला?" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो खरंच चालतोय. लाइट बिल त्यावर भरलं जातं, गावच्या जमिनीचा सातबारा त्यावर निघतो. तुम्ही फक्त "ड्रायव्हर सपोर्ट बंद झालाय" एवढं गंभीर चेहऱ्यानं म्हणा आणि चहा घ्यायला आत जा.

आता कोणतं कार्ड? २०१९ साली आलेलं जीटीएक्स १६५० नावाचं एक कार्ड आहे. ७५ वॉटचं. मदरबोर्डचा स्लॉट स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देतो, त्यामुळे या कार्डाच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. २०२४ सालचं आरटीएक्स ३०५०, ते ६ जीबीवालं, तर ७० वॉटमध्येच भागवतं. असली कार्डं चुकूनही घेऊ नका. लावलं, ड्रायव्हर टाकला, चालू झालं! मग उरलेले चार महिने तुम्ही करणार काय?

कार्ड पंख्यांच्या संख्येवर निवडावं. दोनापेक्षा तीन पंखे बरे, हे कोणत्याही मंगल कार्यालयात समजतं. नाहीतर जीबीवर निवडावं, कारण कॉलनीत सगळे तेवढंच विचारतात. जीटी १०३० या एकाच नावानं दोन कार्डं निघाली. जीडीडीआर५ जातीच्या मेमरीवालं सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, डीडीआर४ वालं १६.८. नाव एक, मेमरी दोन्हीकडे २ जीबी, वेग तिसऱ्या हिश्श्यावर. दुसरं घेऊन 'तेच तर आहे' असं म्हणण्यात जो निरागसपणा आहे तो जपायला हवा. आरएक्स ६५०० एक्सटीचंही असंच. जानेवारी २०२२ मध्ये आलं, स्लॉटमध्ये बसणारी पट्टी सोळा लेनची, म्हणजे माहिती जायच्या सोळा वाटांची, पण प्रत्यक्षात जोडलेल्या लेन चारच. नव्या मदरबोर्डवर ते निभावून नेतं. तुमच्या २०११ च्या सेटअपवर मात्र त्या चार लेनही एक चतुर्थांश वेगानं वाहणार, म्हणजे एक्सप्रेसवेची गाडी अप्पा बळवंत चौकात. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत. म्हणजे ते महत्त्वाचं नसणार.

खरेदीला मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जावं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण पाटी फक्त पोस्टमन वाचतो. तिथे दुकानदाराला जुन्या मशिनबद्दल सगळं खरं सांगा. तो न ऐकता म्हणेल, "आराम से चलेगा, बॉस." हा त्या रस्त्याचा आशीर्वाद आहे. तो कशालाही मिळतो. मग जीएसटीचे १८ टक्के वाचवायला बिनबिलाचं घ्या. वॉरंटीची गरज फक्त बिघडणाऱ्या वस्तूंना पडते.

बजेट कमी असेल तर सेकंडहँड आहेच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं पद्धत बदलली, कार्डांवर त्याचं मायनिंग करणं, म्हणजे हिशेब करून नाणी कमावणं, एका दिवसात निरर्थक झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांच्या जाहिरातीत मात्र सगळी 'घरगुती वापराची' असतात, जशी प्रत्येक जुनी मारुती डॉक्टरांनीच चालवलेली असते. मुलगा परदेशी शिकायला गेला म्हणून विकतोय. असे किती मुलगे गेले परदेशी, की सहा-सहा कार्डं एकदम मागे सोडून? विचारू नका. विक्रेत्याला वाईट वाटेल. याहून स्वस्त हवं असेल तर २०१० सालच्या जीटीएस ४५० ची बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकलेली कार्डंही मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे. त्या पिढीच्या अस्सल कार्डात मॉनिटर जोडायचं जुनं निळं व्हीजीए पोर्ट चालूच शकत नाही, या नकली कार्डांवर ते दिमाखात असतं. तुमचा मॉनिटर व्हीजीएवालाच असल्यामुळे तुम्हाला वाटणार, वा, काय सोय केलीय!

कार्ड घरी आलं. आता उघडा कॅबिनेट.

कार्ड बसत नाही. मधे हार्ड डिस्कचा पिंजरा येतो. टेप घेऊन आधी मोजायचं असतं म्हणे; पण फ्रिजसुद्धा आपण दारात आणल्यावर मोजतो, मग हे तर कार्ड. शेजारच्या काकांकडून हॅक्सॉ ब्लेड आणा. पिंजरा कापताना लोखंडाचा भुगा मदरबोर्डवर पडेल, तो फुंकर मारून उडवा.

मग एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे, कारण माझा एक धूर सोडून गेला. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या त्या डब्यावर '४५० वॉट' असं ठळक छापलेलं असतं. ते घराण्याच्या कुलवृत्तांतासारखं वाचावं, अभिमानानं आणि पुरावा न मागता. खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो. त्यात बारा व्होल्टसमोरचा अँपिअरचा आकडा बघून बाराशी गुणायचा. १६ अँपिअर असेल तर १९२ वॉट, कार्ड आणि प्रोसेसरला खरं मिळतं ते एवढंच. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, आय५-२४०० चे कागदोपत्री ९५. बेरीज २६५. पण गणितात आपला हात कायमच कच्चा, नाहीतर सायन्सऐवजी... असो. कार्डाला आठ पिनी वायर हवी आणि डब्यातून ती निघतच नाही, असं दिसलं की दुकानातून वडापावच्या भावात मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनी जोडाचा, कन्व्हर्टर आणा. आठ पिनी जोडातून १५० वॉटपर्यंत वीज जायची असते. ती आता डीव्हीडी ड्राइव्हच्या वायरीतून जाईल. पहिले दोन दिवस काही होत नाही. तिसऱ्या दिवशी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला की आई आधी गॅस बंद करते. तेवढ्या वेळात तुम्ही बटण बंद करा.

यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा. कागदावर पुरतो. बॅटरी पाच वर्षांपूर्वीची आहे हे त्या कागदाला माहीत नाही.

नवा एसएमपीएस आला (हा 'बदल' धरायचा नाही, ही दुरुस्ती). आता मॉनिटर जोडा. नव्या कार्डावर निळं पोर्ट नाही, एचडीएमआय आहे. तुमची केबल निळी. ती मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात मात्र अगदी घरच्यासारखी बसते, आणि चित्रही येतं. राहू द्या तशीच. मी तीन आठवडे तशीच ठेवली होती. कार्ड आत पंखे फिरवत बसलेलं, आणि गेम चालतोय प्रोसेसरमधल्या जुन्या इंटेल ग्राफिक्सवर. त्या तीन आठवड्यांत घरी आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "फरक जाणवतो, पैसे वसूल." दोघांनी तर माझं ऐकून कार्ड घेतलं.

कन्व्हर्टर आणून केबल कार्डाला लावल्यावर खरी गंमत. फ्रेम वाढतात, पण गेम दर चार सेकंदांनी उचकी लागल्यासारखा अडकतो. कार्ड निम्मंही कामाला लागलेलं नाही, प्रोसेसर मात्र शंभर टक्क्यांवर. पंगतीला भीमाला बसवलंय आणि वाढपी एकच, तोही गुडघेदुखीचा. मग प्रोसेसर बदला. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डवर बसत नाही, बोर्ड बदला. जुनी रॅम नव्या बोर्डवर बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते, रॅम बदला. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा अकरा टाका. आता अकरा टाकतोच आहोत तर त्या जुन्या हार्ड डिस्कवर कशाला, एसएसडी घ्या. पिंजरा कापलेलं कॅबिनेट खडखडतं, तेही. चार आण्याची कोंबडी कधीच शिजून गेली, आपण अजून मसाला कांडतोय.

घरात विचारलंच तर सांगा, कॉम्प्युटर तोच आहे. खोटं नाही. कीबोर्ड तोच आहे, आणि नव्या कॅबिनेटवर आईनं हळदकुंकूही वाहिलंय.

शेवटी एका शनिवारी रात्री सगळी झोपल्यावर बसा. शंभर जीबीचा नवा गेम डाउनलोड होतोय, सकाळपर्यंत चालेल. तोवर म्हणून जुनं काउंटर-स्ट्राइक लावा, तेच ते, हॉस्टेलवर खेळायचात ते. कोपऱ्यातला आकडा तीनशे फ्रेम दाखवेल. मॉनिटर ६० हर्ट्झचा, त्यामुळे डोळ्यांना दिसतील साठ.

मागून दार उघडेल. "झालं का एकदाचं?"

"झालं गं. फक्त मॉनिटर तेवढा बदलायचाय."