‘तिसऱ्या वर्षी मधोमध टक्कल पडलं’: रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

ताई, नमस्कार.

नर्सरी माझीच आहे, त्यामुळे उत्तरही मीच लिहितोय. तुमची तक्रार अशी, की ‘एलायजा ब्लू’ या ब्लू फेस्क्यूची, म्हणजे निळसर शोभेच्या गवताची, १५ रोपं आमच्याकडून नेलीत, तिसऱ्या उन्हाळ्यात ९ गेली, उरलेल्या ६ ना मधोमध टक्कल पडलं आणि निळा रंग उतरून सगळं हिरवट दिसायला लागलं. ‘पेरेनियल म्हणून खराब माल गळ्यात मारला,’ असंही लिहिलंत. शिवाय फोनवर कुणी धड बोललं नाही.

फोनचं आधी. सुट्टीत कामाला ठेवलेला मुलगा होता. ‘गॅरंटी एक वर्षाची’ एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. गॅरंटी संपली होती हे खरं, पण गिऱ्हाइकाशी बोलायची ती रीत नव्हे. माफ करा.

आता रोपं. तुमचे फोटो मोठे करून पाहिले. दुसऱ्या फोटोत ठोंबापासून हातभर अंतरावर स्प्रिंकलर आहे, आणि लाकडाच्या सालीचा मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन, पार बुडख्यावर चढवलाय. लॉनला पाणी लागतं, पण ते रोज या गवतावरही पडतंय. हे मुळात दक्षिण फ्रान्सकडच्या कोरड्या, खडकाळ जमिनीतलं गवत. आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनची थंडी त्याला काही करत नाही, उणे २५ अंशही सोसतं. त्याला मारते ती ओल. आणि इथली माती म्हणजे चिकणमाती; शेजारच्या सेअरव्हिलला विटांचा केवढा मोठा कारखाना होता, तो काही उगाच नव्हे. अशा मातीत, जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात, बुडख्याशी ओला मल्च असला की मुळं कुजतात. गेलेला एखादा ठोंब ओढून पाहा. अलगद हातात आला आणि खालून कुबट वास आला, तर समजा हेच झालंय.

रंगाचं कारण वेगळं. तो निळेपणा म्हणजे पात्यावरचा मेणासारखा थर असतो. एक पातं चिमटीत धरून चोळा, बोटाखाली हिरवं निघेल. पूर्ण ऊन आणि हलकी माती असली की हा थर दाट येतो. तुमच्या रांगेची डावी बाजू मेपलखाली आहे, आणि हिरवट दिसतायत ते ठोंब तिकडचेच.

‘खराब माल’ हे मात्र मला मान्य नाही. त्याच लॉटची रोपं आमच्या फाटकाशी खडीत उभी आहेत, येऊन बघा. पण तीही या एप्रिलमध्ये मी खणून फोडली, कारण मधलं टक्कल त्यांनाही पडायला लागलं होतं. पेरेनियल म्हणजे बहुवर्षायू, पण कायमचं नव्हे. गावाकडचा गवती चहा आठवा. ठोंब जुना झाला की मधे वाळतो, मग आई तो उपटून, फोडून, कडेचे फुटवे पुन्हा लावते. इथेही तेच, दर दोन-तीन वर्षांनी. फरक एवढाच, की गवती चहा मोरीच्या पाण्यावर पोसतो आणि हा फेस्क्यू त्याच पाण्याने मरतो.

हे सगळं विकतानाच सांगायला हवं होतं. टॅगवर ‘फुल सन’ होतं, मातीबद्दल आणि ठोंब फोडण्याबद्दल अक्षर नव्हतं. तुम्ही ‘लॉनच्या कडेला लावायचंय’ म्हणालात, तेव्हाच स्प्रिंकलरचं विचारायचं मला सुचायला हवं होतं. ती चूक माझी.

तर आता नवीन रोपं विकत घेऊ नका. आत्ता ऑगस्टमध्ये खणूही नका, उन्हाने उरलेली ६ पण जातील. मल्च तेवढा आजच बुडख्यापासून वीतभर मागे ओढा आणि त्या कडेचा स्प्रिंकलर बंद करा. सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे झाला, उकाडा उतरला की ठोंब उचला. मधला वाळका भाग फेकून द्या आणि कडेचे हिरवे फुटवे मुळांसकट सुटे करा. एका ठोंबाचे तीन धरले तरी १८ होतात, म्हणजे तुमच्या १५ पेक्षा जास्तच. मेपलखालची जागा सोडून द्या. उन्हात, जमिनीपेक्षा पाच-सहा इंच उंच वरंबा करून त्यात खडी मिसळा आणि फूटभर अंतराने लावा. बुडखा मातीच्या किंचित वर राहू द्या. रुजेपर्यंत पाणी द्या, मग हात आखडता घ्या. खत नको, खताने नुसता लोळतो. वसंतात वाळकी पाती हातमोजे घालून बोटांनी विंचरून काढा. लॉनसारखा बुडातून कापू नका. हरणांची काळजी नको, ती याला सहसा तोंड लावत नाहीत. आमची होस्टाची शोभेची झाडं मात्र दर वर्षी फस्त करतात.

तिसऱ्या वर्षी पैसे परत देणं मला जमणार नाही, ते स्पष्ट सांगतो. पण फोडायचं काम अंगावर येत असेल तर गणपती उरकले की ते ६ ठोंब टोपलीत घालून घेऊन या. तुमच्यासमोर फोडून देईन आणि वरंब्यापुरती खडीही देईन, दोन्हीचे पैसे नाहीत. मंगळवारी आम्ही बंद असतो. फोन केलात तर या खेपेला मीच उचलेन.