भोक बुजवलं की माश्या मरत नाहीत, घरात येतात

‘घरातल्या पोळ्याचा कायमचा बंदोबस्त’ हा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: माशी कुठलीही असो, उपाय एकच. दिवेलागणीनंतर तिला दिसत नाही, तेव्हा टॉर्च घेऊन जा. अंगावर घोंगडी घ्या. भोकात पेट्रोलचा बोळा कोंबून वरून सिमेंट भरा, दोन दिवसांत सगळ्या गुदमरतात. छपरात असतील तर खालून धूर करा. एवढं करून जात नसतील तर धान्याच्या गोळ्या टाका. चावलीच तर किल्ली घासा, चुना लावा, दवाखान्याची गरज नाही. आणि काहीच जमलं नाही तर थांबा, थंडीत आपोआप मरतील.

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच मजकूर पटतो. मजकुराच्याच क्रमाने जाऊ. भोक बुजवण्याच्या सल्ल्यावर मात्र जास्त थांबावं लागेल, कारण खरा घात तिथे होतो.

“माशी कुठलीही असो, उपाय एकच”

खानापूर तालुक्यातलं जुनं घर म्हणजे मातीच्या किंवा जांभ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मध्ये अंधारा माळा. अशा घरात पाच-सहा वेगवेगळे कीटक बिऱ्हाड करतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

भिंतीच्या पोकळीत, माळ्यावरच्या जुन्या पेटीत, देवळीमागे राहते ती सातेरी मधमाशी. तिची पोळी एकाशेजारी एक अशी अनेक असतात. सकाळच्या उन्हात भोकापासून दोन-तीन मीटर बाजूला, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेत न येता उभं राहून नुसतं बघा. आत शिरणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या दिसल्या तर ती मधमाशीच, कारण गांधीलमाशी पराग वाहून नेत नाही. भोकाची कड मेणचट काळपट झाली असेल तर वस्ती जुनी आहे आणि आत मध भरपूर आहे.

आग्या माशी आत शिरत नाही. तिचं एकच मोठं पोळं पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच सज्जाला उघड्यावर लटकतं आणि जवळून काही गेलं की सगळ्या पोळ्यावरून एक लाट सरकते. ती लाट म्हणजे ताकीद. तिथे घरच्या माणसाने काहीही करू नये.

खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत देठाला लटकलेलं, खालून उघड्या षट्कोनी घरांचं कागदी पोळं असेल तर ती छोटी गांधीलमाशी. जवळ गेलं की ती पंख वर करून तुमच्याकडे तोंड करते. तिथूनच मागे फिरायचं. खरी भीती मोठ्या गांधिणीची. काळी, पोटावर रुंद पिवळा-केशरी पट्टा असलेली, भिंतीच्या पोकळीत, कौलाखाली किंवा अंगणातल्या बिळात राहणारी. हिचा डंख कातडीत अडकून राहत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते.

मातीचे गोळे चिकटवणारी कुंभारीण एकटी राहते आणि सहसा डंख मारत नाही. गोळा पत्र्याच्या पट्टीने खरवडून टाकला की विषय संपला. जुन्या दगडी भिंतीतून मेणा-राळेची बारीक नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी डासाएवढ्या काळ्या माश्या बसलेल्या असतात, त्या पोयाच्या माश्या. त्यांना टोचणारा डंख नसतोच. त्यांच्या भोकात पेट्रोल ओतणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

फांदीला किंवा ग्रिलला हजारो मधमाश्यांचा घोस लटकला असेल आणि आत मेणाचं पोळं दिसत नसेल, तर ती झुंड मुक्कामाला थांबली आहे. बहुधा एक-दोन दिवसांत ती स्वतःच उठून जाते. पोरांना दगड मारू देऊ नका, एवढंच.

“अंधारात त्यांना दिसत नाही”

संध्याकाळनंतर सगळ्या माश्या पोळ्यात परतलेल्या असतात, हे खरं. म्हणून जाणकारही गांधिणीचं काम तिन्हीसांजेनंतर करतात. पण छेडल्यावर त्या उजेडाच्या रोखाने येतात आणि तो टॉर्च तुमच्या हातात असतो. आग्या माशी तर चांदण्या रात्री चरायलाही बाहेर पडते. टॉर्चला लाल कागद बांधा, कारण लाल रंग या कीटकांना जवळजवळ दिसत नाही, आणि टॉर्च हातात न धरता बाजूला स्टुलावर ठेवा. खोलीत माश्या शिरल्याच तर खोलीतला दिवा बंद करून अंगणातला लावा आणि तिकडची खिडकी उघडा.

“घोंगडी पांघरा”

पावसाला घोंगडी उत्तम. मधमाशीला मात्र काळं, केसाळ काही दिसलं की तो मध चोरायला आलेला प्राणी वाटतो. शिवाय लोकरीत पाय अडकलेली माशी आणखी पिसाळते. फिकट रंगाचे जाड गुळगुळीत कपडे, तोंडाला त्वचेपासून लांब राहणारी जाळी, पँट मोज्यांत आणि मोजे गमबुटात, मनगटाला चिकटपट्टी. जाळी गालाला चिकटली तर तिच्यातूनही डंख लागतो.

“बोळा कोंबा, सिमेंट भरा”

आधी पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. भिंतीतल्या पोकळीतून ती खाली उतरते आणि पाटाखाली, स्वयंपाकघरात साठते. वाळलेले वासे, रीप, माळ्यावरची गवताची पेंढी आणि भिंतीतून गेलेली जुनी वायर यांच्या सोबतीला ती वाफ आली की बटण दाबतानाची एक ठिणगी पुरते. रॉकेल थोडं उशिरा पेटतं, पण मातीच्या भिंतीत मुरलं की महिनोन्‌महिने वास जात नाही.

आता सिमेंट. बाहेरचं दार बंद झालं की आतल्या हजारो माश्या दुसरा उजेड शोधतात आणि जुन्या घरात तो सापडतोच: स्विचबोर्डाच्या पाठची पाइप, चौकट आणि भिंतीमधली फट, माळ्याच्या पाटणीतल्या दोन फळ्यांमधली जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी माश्या स्वयंपाकघरात असतात. गांधीलमाशीचा जबडा तर लाकूड कुरतडून कागद करण्यासाठीच बनलेला असतो. जिप्समचं पातळ छत असेल तर त्याचा भरवसा नको. बाहेर चरायला गेलेल्या माश्याही परत येऊन बुजवलेल्या भोकाभोवती घोंगावत राहतात आणि अंगणातून जाणाऱ्याची खैर नसते.

समजा, सगळ्या आत मेल्या. तरी संकट टळत नाही. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून पोळ्याची उष्णता 35 अंशांच्या आसपास राखतात. त्या मेल्या की वारा घालणारं कुणी उरत नाही. 40 अंशांपुढे मेण मऊ पडू लागतं आणि एप्रिल-मेमध्ये कौलाखाली यापेक्षा जास्त तापतं. पोळी कोसळतात, मध भिंतीतून झिरपतो, गिलाव्यावर तपकिरी डाग उमटतो. मागोमाग मुंग्या, मेणकिडे, झुरळं, उंदीर येतात. आणि मेणाचा वास राहिला की पुढच्या मोसमात नवी झुंड दुसरी फट शोधून तिथेच उतरते.

सातेरीसाठी योग्य क्रम उलटा आहे: आधी माश्या, मग पोळी, मग भोक. हे काम मधपाळाचं. कर्नाटकात मधमाशीपालनाचं काम बागायत खात्याकडे आहे. तालुक्याच्या कचेरीत विचारलं तर मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा पत्ता लागू शकतो. त्याने काय करायला हवं, हे घरमालकालाही माहीत असावं. सकाळी 9 ते 11च्या उन्हात, बऱ्याच माश्या बाहेर असताना, धुराड्याने, म्हणजे धूर फुंकायच्या भात्याच्या डब्याने, थंड पांढऱ्या धुराचे दोन-तीन झोत भोकात सोडायचे. पाच मिनिटं थांबून फळी किंवा कौल काढायचं. पातळ सुरीने पोळी एकेक कापायची. अंडी-अळ्यांची पोळी वरची बाजू वरच ठेवून पेटीच्या रिकाम्या चौकटीत सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधायची. मधाची पोळी झाकणाच्या बादलीत, लगेच. उघडा मध राहिला की लुटायला दुसऱ्या माश्या येतात. राणी पेटीत गेली की उरलेल्या मागून जातात. पेटी दिवेलागणीपर्यंत त्याच जागी ठेवायची, म्हणजे बाहेरच्याही परततात. मग दार बंद करून 3 किलोमीटरपेक्षा लांब न्यायची. जवळ ठेवली तर चरायला निघालेल्या माश्या जुन्या भिंतीकडेच येतील. सातेरी पळपुटी जात आहे, म्हणून नव्या जागी चार-पाच दिवस दारावर राणीला अडवणारी जाळी लागते.

भिंत फोडायचीच नसेल तर भोकावर तारेच्या जाळीचा शंकू बसवतात. जाळीची भोकं 3 मिलिमीटर, टोकाचं तोंड 8 ते 10 मिलिमीटर. माशी बाहेर पडते, तिला परतीची वाट सापडत नाही. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात, म्हणून शंकू किमान महिना-दीड महिना ठेवावा लागतो. राणी आणि पोळी मात्र आतच राहतात. हा दुय्यम इलाज.

गांधिणीच्या पोकळीतल्या पोळ्यावर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला कीटकनाशक पावडर फुंकतो. इथेही भोक उघडंच ठेवायचं, कारण बाहेरून येणारी माशी अंगाला पावडर लावून आत नेते. दोन-तीन दिवसांनी भर उन्हात अर्धा तास बघायचं. एकही ये-जा नसेल तर पोळं काढायचं आणि मगच सिमेंट. डासांचा स्प्रे भोकात मारला तर तोंडाशी बसलेल्या मरतात आणि आतल्या खवळतात. औषध मारलेल्या पोळ्यातला मध कुणी खाऊ नये, जनावरालाही घालू नये.

खिडकीतलं छोटं उघडं कागदी पोळं, त्यावर दहा-पंधराच माश्या, हे घरच्या घरी जमतं. 1 लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे 2 मोठे चमचे घाला. साबणाचं पाणी कीटकाच्या श्वासछिद्रांत शिरतं, साधं पाणी शिरत नाही. तिन्हीसांजेनंतर, 2 ते 3 मीटरवरून, एकधार मारणाऱ्या पंपाने पोळं पूर्ण भिजवा. शिंतोडे उडवले तर त्या मरत नाहीत, चवताळतात. जवळ वायर किंवा मीटर असेल तर हा उपाय नकोच. शिडीवर चढून तर मुळीच नको. माशी तोंडावर आली की हात आपोआप सुटतो आणि डंखापेक्षा पडण्याची इजा मोठी ठरते.

“खालून धूर करा”

धुराने मधमाशी मध पिऊन घ्यायला पोळ्याकडे वळते आणि धोक्याचा वास धुरात झाकला जातो. गांधीलमाशी मध साठवत नाही, तिच्यावर धुराची ही मात्रा चालत नाही. माळ्याखाली शेणी पेटवल्या तर धूर कौलांतून जातो, माश्या जिन्याने खाली येतात आणि छपराला ठिणगी लागायची भीती वेगळीच.

“धान्याच्या गोळ्या टाका”

हे वाचून अंगावर काटा येतो. या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. त्या प्रशिक्षित माणसाने माणसं नसलेल्या, हवाबंद केलेल्या गोदामात वापरायच्या असतात. राहत्या घराच्या भिंतीतून हा वायू शेजारच्या झोपायच्या खोलीत जातो.

“किल्ली घासा, चुना लावा”

मधमाशीचा डंख विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि बहुतेक विष अर्ध्या मिनिटाच्या आत उतरतं. किल्ली शोधण्यात तेवढा वेळ जातो. नखाने, चिमटीने, कसाही, पण ताबडतोब काढा. तिथून दूरही व्हा, कारण डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावतो. अनेक माश्या मागे लागल्या तर निश्चल उभं राहायचं नाही. तोंड झाकून पळायचं आणि दार लावून घ्यायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

विष कातडीखाली गेलेलं असतं. चुना वरची कातडी तेवढी भाजतो. साबणाने धुवा, बर्फ कापडात गुंडाळून 10 मिनिटं लावा, बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या सूज चढण्याआधी काढा. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तरी घाबरू नका, बहुतेकांची वाढतेच.

दवाखान्याची गरज कधी? अंगभर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलट्या, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी. अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनालिन लागतं, मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम. अ‍ॅलर्जीच्या गोळीने हे थांबत नाही. रोग्याला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, चालवू नका. 108ला फोन करा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे अँब्युलन्सला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. घशात किंवा तोंडात डंख असेल, लहान मूल असेल, वीस-पंचवीस डंख असतील, तर लक्षणं नसली तरी दाखवा. पुष्कळ डंखांनंतर मूत्रपिंडं एक-दोन दिवसांनी बिघडू शकतात. लघवी कमी किंवा लालसर-काळपट झाली तर पुन्हा दवाखाना गाठा.

“थंडीत आपोआप मरतील”

हे बर्फ पडणाऱ्या देशातलं ज्ञान. दक्षिण भारतात सगळीकडे दिसणाऱ्या छोट्या गांधीलमाशीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक वर्षं अभ्यास केला आहे. तिच्या वस्त्या बारमाही असतात आणि नवी पोळी वर्षभर कधीही सुरू होतात. बेळगावच्या डिसेंबरने तिचं काही बिघडत नाही. म्हणून दर महिन्याला वळचणी, मीटरची पेटी, न वापरलेल्या खोलीच्या खिडक्या पाहून घ्या. रुपयाच्या नाण्याएवढं पोळं आणि त्यावर एक-दोन माश्या, एवढ्यावर असतानाच ते लांब काठीने पाडून देठ खरवडून टाका. भिंतींतली रिकामी भोकं बुजवायची तीही अशाच वेळी, आत कुणी नाही याची खात्री करून. हवा खेळायला लागते तिथे सिमेंटऐवजी 3 मिलिमीटरची तारेची जाळी बसवा.