गिझरच्या पॉइंटवर गाडी चार्ज करायचा फुकटचा सल्ला

इलेक्ट्रिक गाडी बुक केली की पेढे वाटायच्या आधी एक मेसेज येऊन पडतो. मजकूर थोडक्यात असा: ‘चार्जर बसवायच्या नावाखाली इलेक्ट्रिशियन लुटतात. कंपनी साध्या प्लगचा चार्जर गाडीबरोबर देतेच. गिझरचा नाहीतर एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे ना, तिथून वायर ओढा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे, काही होत नाही. अर्थिंग नसेल तर न्यूट्रलवरून घ्या. आणि लोड वाढवायच्या भानगडीत पडू नका, कमर्शियल बिल येईल.’

मी वायरिंगच्याच धंद्यात आहे, म्हणजे या मेसेजच्या हिशेबाने लुटारूंपैकीच. तरी वाचा.

आधी गिझरचं बघू. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आतच घेतो आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. वीस मिनिटांचा खेळ. एसीचा कॉम्प्रेसरही मध्ये मध्ये दम खातो. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर मात्र साधारण ३.३ किलोवॅटचा, म्हणजे १४-१५ अँपिअर, आणि तो थांबत नाही. रोजचं चाळीस किलोमीटर असेल तर दोन-अडीच तासांत भागतं. पण कोल्हापूरहून पुण्याला येऊन रिकामी बॅटरी लावली, तर ४० युनिटच्या बॅटरीला बारा तासांहून जास्त. सगळं घर झोपलेलं, आणि पॉइंट १५ अँपिअरवर रात्रभर चालू.

जुन्या बिल्डिंगमधला असा पॉइंट उघडला की आत काय दिसतं? सॉकेटमागचा स्क्रू अर्धवट आवळलेला, वायर दीड चौरस मिलिमीटरची, आणि प्लगच्या एका पिनेभोवती तपकिरी कडं. त्या सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता निघते. एक सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून रात्रभर चालू ठेवल्यासारखंच ते. त्यात गुंडाळलेलं एक्स्टेन्शन जोडलं, तर विचारूच नका.

‘एमसीबी आहे’ हे उत्तर इथेच पडतं. सैल जोड तापत असताना करंट १५ अँपिअरच असतो, मग १६ चा एमसीबी पडेल कशाला? त्याचं काम वायरला ओव्हरलोड आणि शॉर्टपासून वाचवायचं. माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की लाइन तोडणाऱ्या स्विचचं. तो ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटतो, म्हणजे १६ अँपिअरच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी. घरात आरसीसीबी असलाच तर तो बहुधा ‘टाइप एसी’, म्हणजे फक्त एसी करंटची गळती ओळखणारा असतो. चार्जरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो. म्हणून गाडीच्या सर्किटला निदान टाइप ए, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय. ती नसेल तर टाइप बी. तो महाग असतो, हे कबूल.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य न्यूट्रलचं आहे. ते पटतं, कारण न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो हे खरंच आहे. चार्जरला अर्थ मिळाला नाही की तो लाल दिवा दाखवतो आणि अडून बसतो. मग कोणीतरी सॉकेट उघडून न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायर टाकतो. लाल दिवा गेला, गाडी चार्ज व्हायला लागली, वायरमन हुशार ठरला. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला, किंवा कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, तर गाडीच्या बॉडीवर थेट फेज येतो. आणि पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये, चपला काढून दार उघडणारी माणसं आपल्याकडे आहेत. बॉडीवर आलेली गळती त्याच न्यूट्रलने परत जात असल्यामुळे आरसीसीबीलाही ती दिसत नाही. लाल दिवा दिसला तर दिव्याचं ऐका.

कायद्याचं दोन ओळींत. बल्ब, पंखा, स्विच बदलायला परवाना लागत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तेवढी सूट आहे. नवी लाइन ओढणं मात्र परवानाधारक ठेकेदाराचं आणि परमिट असलेल्या वायरमनचं काम. परवाना दाखवा म्हणायला लाजू नका. खरा माणूस चिडत नाही.

आता लोड. तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो ३ किलोवॅट असेल आणि तुम्ही ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर लावणार असाल, तर ३२ अँपिअर एकटा चार्जरच घेणार. त्याला साधारण ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, अंतर जास्त असेल तर १० ची, आणि ४० चा एमसीबी हवा. मीटर रूममधला जुना मेन स्विच हे सोसेल का, हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस नको. कमर्शियल बिलाची भीती तर बिनबुडाची. आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगाने स्पष्ट केलंय की स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज केली, तर त्या जागेचाच दर लागतो. घर असेल तर घरगुती. फक्त युनिट वाढून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाल, तेव्हा हिशेब करून बघा. २०२४ पासून गाडीसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्कही ग्राहकाला आहे.

राहिलं लुटण्याचं. तेही होतं, नाही कशाला म्हणू? रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला ७.२ चा वॉलबॉक्स गळ्यात मारतात. त्याला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, चांगलं औद्योगिक सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी एवढं बास. बिल्डिंगचं अर्थिंग ठणठणीत असताना अर्थिंगचा नवा खड्डा खणायला लावतात. स्कूटरच्या छोट्या चार्जरला तर नीट अर्थ असलेला साधा पॉइंट चालतो. कंपनीच्या ‘मोफत इन्स्टॉलेशन’मध्ये केबल बहुतेक वेळा ठरावीक मीटरपर्यंतच असते, पुढची तुमच्या खिशातून, ते आधीच विचारून घ्या. कोटेशनमध्ये केबलची जाडी, लांबी, ब्रँड आणि आरसीसीबीचा टाइप वेगवेगळा लिहून मागा. काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून रीडिंग दाखवायला सांगा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला लावा. टेस्टर आणला नाही म्हणाला, तर आणेपर्यंत शेवटचा हप्ता तुमच्याकडेच राहू द्या.