निजामुद्दीनला उतरणाऱ्यांनी पहाडगंजात का राहावे?

डिसेंबरात दिल्लीला जायचे हे आमच्या मिरजेच्या कट्ट्यावर एकदाचे ठरले, गोवा एक्सप्रेसची तिकिटेही निघाली, आणि आता फक्त उतरायचे कुठे एवढेच राहिले असे सांगून सुरेशरावांनी सर्वांना चहा पाजला, त्याला तीन आठवडे होत आले. चार जोडपी आणि चार रात्री एवढाच मामला असला, तरी खोल्या अजून ठरलेल्या नाहीत.

सुरेशरावांचा पहिला प्रस्ताव अर्थातच महाराष्ट्र सदनाचा होता. आमदारांचे पत्र आणतो, हे वाक्य ते इतक्या सहजतेने उच्चारतात की नवख्या माणसाला ते पत्र त्यांच्या खिशातच आहे असे वाटावे. दस्तगीरने कप खाली ठेवला. त्याची अख्खी नोकरी रेल्वेत तिकिटे तपासण्यात गेली, त्यामुळे कोणाच्या खिशात काय नाही हे त्याला चटकन कळते. "संसदेचे अधिवेशन चालू असताना," तो म्हणाला, "कस्तुरबा गांधी मार्गावरच्या त्या सदनात आमदारांनाच कोणाचे तरी पत्र लागत असेल."

मग सुरेशरावांनी मोबाइल काढला. महिपालपूरला एक झकास हॉटेल स्वस्तात मिळत होते, विमानतळ अगदी जवळ होता आणि शिवाय जीएसटी आता पाच टक्क्यांवर आल्यामुळे ही संधी सोडणे म्हणजे मूर्खपणा ठरणार होता. आपण रेल्वेने चाललो आहोत, याची आठवण त्यांना मीच करून दिली. दस्तगीरने हिशेब मांडला. दोन हजारांच्या खोलीवर पूर्वी 240 रुपये कर होता, आता 100 झाला, म्हणजे हॉटेलवाल्याने मूळ भाडे वाढवले नसेल तर रात्रीमागे 140 रुपये वाचले. ते वाचवायला शहराच्या टोकाला राहून रोज टॅक्सीने लाल किल्ल्याला जायचे असेल, तर त्याची काही हरकत नव्हती. "खोलीचे भाडे पाटीवर लिहिलेले असते, सुरेशराव. खोलीपासून गावात जाण्याचे भाडे कोणी लिहीत नाही."

नानांचे म्हणणे वेगळे होते आणि, खरे सांगायचे तर, तितके टाकाऊ नव्हते. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, आपली माणसे आहेत, रामकृष्ण आश्रम मार्ग हे मेट्रो स्थानक त्याच भागात आहे, मग शोधाशोध कशाला, असा त्यांचा सवाल होता. पण दस्तगीरचा आक्षेप जागेवर नव्हता, गाडीवर होता. पहाडगंज हे नवी दिल्ली स्थानकावर उतरणाऱ्यांसाठी सोयीचे आहे, आणि गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला संपते. तिथून बाहेर पडून सराय काले खाँला मेट्रोची गुलाबी मार्गिका धरली की तिसरे स्थानक लाजपतनगर. तिथल्या गल्ल्यांतून गेस्ट हाउस आहेत, आणि तिथूनच जांभळी मार्गिका जनपथ, जामा मशीद आणि लाल किल्ला अशी गाडी न बदलता नेते. कुतुबमिनारला जाताना आयएनए स्थानकावर एकदाच गाडी बदलावी लागते. ज्या मंडळींच्या गुडघ्यांची संख्या सोळा आहे, त्यांनी खोलीच्या आधी मेट्रोचा नकाशा पाहावा, हे त्याचे म्हणणे मला तरी बिनतोड वाटले.

"पण फोटो?" सुरेशरावांनी विचारले, आणि ते विचारायला नको होते. हैदराबादच्या वेळी फोटो पाहून त्यांनीच ठरवलेल्या लॉजमध्ये आमच्या खोलीला खिडकी होती हे खरे, परंतु ती उघडल्यावर पलीकडे शेजारच्या खोलीतले गृहस्थ दात घासताना दिसत, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत आमची त्यांच्याशी ओळख वाढली होती. गरम पाणी सकाळी सहा ते सात एवढाच वेळ मिळे, तेही पहिल्या मजल्यापर्यंत. आम्ही तिसऱ्यावर होतो. तेव्हापासून खोली ठरवण्यापूर्वी फोन करून खिडकी कुठे उघडते आणि गिझर खोलीतच आहे का, हे दोन प्रश्न विचारायचे असा आमच्याकडे नियम आहे. तो नियम करणाऱ्यांत सुरेशरावही होते, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

शेवटचा पेच नानांनीच काढला. गाडी सकाळी पोहोचणार आणि खोली मिळणार दुपारी बारा वाजता. मधल्या वेळेत आठ माणसांनी काय करायचे? डिसेंबरातल्या धुक्याने गाडी सहा तास अडकवली तर हा प्रश्न रेल्वेच सोडवील, असे दस्तगीर म्हणाला. आणि वेळेवर पोहोचलोच, तर सामान स्थानकावरच्या क्लोकरूममध्ये टाकून शेजारची हुमायूनची कबर पाहून यावी. "मात्र नाना," त्याने आवाज खाली आणला, "कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत."

नानांची बॅग गेली वीस वर्षे पायजम्याच्या नाडीने बांधलेली असते. ती नाडी बॅगेचीच असते की नानांची, यावर पुढचा अर्धा तास गेला, आणि लाजपतनगरला फोन करायचा राहिला तो राहिलाच.