फोनचा ८० टक्क्यांचा नियम इलेक्ट्रिक गाडीला लावू नका

दरवर्षी नवीन फोन हाताळणारी बरीच मंडळी आता ऑफिसच्या ये-जा साठी टियागो ईव्ही किंवा कॉमेटसारखी छोटी इलेक्ट्रिक गाडी घेत आहेत. फोनची बॅटरी जपायच्या सवयी मग तशाच्या तशा गाडीला लावल्या जातात. ८० टक्क्यांवर चार्जिंग बंद करायचं, १०० ला कधीच हात लावायचा नाही. फोनसाठी हे बरोबर आहे. या गाड्यांसाठी चूक आहे, आणि त्याचं कारण बॅटरीच्या रसायनात आहे.

आधी फोन. फोनमधला सेल बहुतेक वेळा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा असतो आणि तो पूर्ण भरला की ४.४ ते ४.५ व्होल्टपर्यंत ताणलेला असतो. या ताणाला उष्णतेची जोड मिळाली की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होतं, क्षमता घटते, कधी सेल फुगतो. रात्रभर १०० वर, वर जाड कव्हर आणि फोन उशीखाली, याच्याइतकं वाईट काही नाही. म्हणून आयफोन १५ पासून अ‍ॅपलने ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये दिली. सॅमसंग आणि पिक्सेलमध्येही ती आहे. ती सुरू करा आणि विसरून जा.

"पण मग दिवस कसा निघणार?" हा प्रश्न नवीन फोनांनी बराचसा सोडवलाय. सिलिकॉन-कार्बन अ‍ॅनोडमुळे, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या बॅटरीमुळे, ६,००० ते ७,००० एमएएचचे फोन आता मध्यम किमतीतही मिळतात. ७,००० एमएएचच्या फोनला ८० ची मर्यादा लावली तरी हातात ५,६०० उरतात, म्हणजे जुन्या ५,००० वाल्या पूर्ण भरलेल्या फोनपेक्षा जास्तच. माझ्या मते नवीन फोन घ्यायला आज कॅमेऱ्यापेक्षा हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

८० किंवा १०० वॉटच्या चार्जिंगला मी घाबरत नाही. पूर्ण वेग सुरुवातीची काही मिनिटंच टिकतो, नंतर फोन स्वतःच हात आखडता घेतो. ते वॉट मात्र त्याच कंपनीच्या चार्जर-केबलच्या जोडीवर मिळतात. दुसऱ्या कंपनीच्या यूएसबी पीडी (सगळ्यांसाठीची सामायिक चार्जिंग पद्धत) चार्जरवर तोच फोन बऱ्याचदा खूप खालच्या वेगाने चार्ज होतो. फोन बिघडलेला नसतो, दोघांची भाषा जुळत नसते. वेगळा चार्जर घेणार असाल तर त्यावर पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारी पीडीची सोय) लिहिलंय का ते पाहा.

फोनची खरी परीक्षा गाडीत होते. छोट्या गाड्यांमधल्या ज्या यूएसबी-ए पोर्टवर अँड्रॉइड ऑटो (फोनचे मॅप-गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) चालतं, तो डेटा पोर्ट असतो आणि कित्येकदा ५ व्होल्टवर जेमतेम अर्धा ते दीड अँपिअर देतो, म्हणजे अडीच ते साडेसात वॉट. मॅप, ५जी, गाणी आणि पेटलेली स्क्रीन मिळून फोन सहज तीन-चार वॉट खातो. त्यामुळे पोर्ट अडीच वॉटचाच असेल तर केबल लावलेली असूनही टक्के खाली जातात. उपाय सोपा आहे: अँड्रॉइड ऑटो सुरू झालं की फोनची स्क्रीन बंद करा, मॅप गाडीच्या पडद्यावर दिसतोच. लांब जायचं असेल तर वायरलेस अँड्रॉइड ऑटो लावून १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये ३० वॉटचा पीडी चार्जर घाला.

अँड्रॉइड ऑटो मध्येच तुटत असेल तर गाडीच्या सिस्टीमला दोष देण्याआधी केबल बदला. ती एक मीटरपेक्षा लांब नको, मध्ये हब किंवा जोडवायर नको, आणि डेटा वाहणारी हवी. स्वस्त केबलींत बऱ्याचदा फक्त चार्जिंगच्या तारा असतात. तरीही तुटत असेल तर फोनच्या पोर्टमध्ये साचलेली खिशातली धूळ लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, हलक्या हाताने काढा.

काचेखाली डॅशबोर्डवर होल्डर आणि त्यात वायरलेस चार्जिंग, हे एकत्र नकोच. वायरलेसमध्ये बरीच ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते आणि ती थेट फोनच्या पाठीत शिरते. वरून एप्रिल-मेचं नागपूर किंवा जळगावचं ऊन. अशा वेळी फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो. आयफोनसाठी अ‍ॅपलने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश आहे. होल्डर एसीच्या झडपेवर लावा, गार हवा फोनच्या पाठीला लागते. फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढचा असेल तर झडपेची पाती लवकर सैल होतात, म्हणून खाली टेकू असलेला होल्डर घ्या. आणि गाडी चालवताना हातातलं उपकरण वापरायची मुभा मोटार वाहन नियमांत फक्त रस्ता शोधण्यापुरती आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

आता गाडी. टियागो ईव्ही आणि कॉमेट या दोन्हींमध्ये एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत. हा सेल पूर्ण भरला तरी ३.६५ व्होल्टच्या आसपास असतो. फोनच्या सेलइतका ताण त्याच्यावर येत नाही, त्यामुळे १०० टक्क्यांचं भय इथे बरंच कमी. अडचण वेगळीच आहे. साधारण २० ते ९० टक्क्यांच्या मधे या सेलचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. गाडीचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजून टक्के दाखवतो. या मोजणीत रोज थोडी चूक साचते. इतर रसायनांत व्होल्टेज बघून ती दुरुस्त करता येते, एलएफपीत ती खूण फक्त दोन्ही टोकांना सापडते.

म्हणून जो माणूस महिनोन् महिने ३० ते ८० च्या पट्ट्यातच गाडी फिरवतो, त्याच्या पडद्यावरचा आकडा हळूहळू खोटा होत जातो. एके दिवशी २२ टक्के दिसत असताना आकडा अचानक १० वर येतो आणि गाडी रांगायला लागते. मग "बॅटरी गेली" म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन जातो. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते, हिशेब चुकलेला असतो. शिवाय एका माळेतले सेल एकसारखे भरलेले राहत नाहीत, आणि त्यांना समपातळीवर आणायचं काम बीएमएस पूर्ण चार्जच्या जवळच नीट करू शकतो.

तेव्हा आठवड्यातून एकदा, बॅटरी २०-३० वर आली की घरच्या संथ एसी चार्जरवर सलग १०० पर्यंत न्या, आणि १०० दिसल्यावरही तासभर प्लग काढू नका. टेस्लाही आपल्या एलएफपी गाड्यांसाठी आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करायलाच सांगते. मॅन्युअलमध्ये वेगळं अंतर दिलं असेल तर ते पाळा. भरलेली गाडी उन्हात आठवडाभर उभी करू नका, उष्णता एलएफपीलाही खाते. गावाला जाणार असाल तर ५० च्या आसपास ठेवून जा. आणि तुमची गाडी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलची असेल तर हे सगळं सोडा, तिला रोजची ८० चीच सवय बरी.

एक अपवाद लक्षात ठेवा. लोणावळ्यात १०० टक्के भरून खोपोलीकडे घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत जागा नसल्यामुळे रीजेन (वेग कमी होताना मोटरने बॅटरी भरणं) जवळजवळ बंद असतो, उतारावर मिळणारी वीज वाया जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ८५ ला थांबा.

रोजचा हिशेब फार साधा आहे. शहरात एसी लावून किलोमीटरला १२० वॉट-तास धरले तर ५० किमीला ६ युनिट, चार्जिंगमधला तोटा धरून ७. गाडीने वापरलेली ६ युनिट म्हणजे टियागोच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीचा पाव भाग. १५ अँपिअरच्या प्लगवर अडीच तासांचं काम. त्याच हिशेबाने पूर्ण चार्जवर २०० किमी मिळतात. लाँचच्या वेळचा ३१५ किमीचा आकडा चाचणीचा आहे, गाडी घेताना तो डोक्यात ठेवू नका.

या १५ अँपिअरच्या प्लगबद्दल मात्र मला पोटतिडकीने सांगायचंय. "गिझर चालतो ना, मग गाडीही चालेल" हे वाक्य घातक आहे. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, गाडी १३-१४ अँपिअर तासन् तास ओढते. सैल झालेल्या सॉकेटमध्ये संपर्काच्या जागी उष्णता साचते आणि आधी प्लास्टिक तपकिरी होतं, मग वितळतं. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचं औद्योगिक सॉकेट लावून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको. चार्जरवर लाल दिवा येत असेल तर इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी बघायला सांगा: फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, आणि भार चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये किती व्होल्ट दिसतात. दोन-तीनच्या वर असतील तर अर्थिंगचं काम काढा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. चटका बसला तर तिथेच थांबवा.

शेवटचं, डॅशकॅमवाल्यांसाठी. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. चार्जिंगसुद्धा सुरू होत नाही. डॅशकॅमचा पार्किंग मोड किंवा कायम लावून ठेवलेला ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या पोर्टमध्ये लावायचं छोटं उपकरण) ती गुपचूप रिकामी करतो. डॅशकॅमला गाडीच्या वायरिंगशी जोडणाऱ्या हार्डवायर किटमध्ये कट-ऑफ, म्हणजे कॅमेरा बंद होण्याची पातळी, १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका, दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर डोंगल काढा, आणि दार उघडायची धातूची किल्ली की-फॉबमध्ये कुठे दडलीय ते आजच बघून ठेवा.