सात रस्त्यावर गाड्या बोलायला लागल्या तर

वादाला तोंड फोडलं ते डॉलरच्या नव्या गाडीनं. डॉलर म्हणजे आमचा पुण्याला आयटीत असलेला मित्र; त्याचं खरं नाव आता त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आला होता. सात रस्त्याजवळच्या आमच्या चहाच्या टपरीसमोर गाडी लावून खाली उतरला आणि मोबाइलवरूनच तिचा एसी सुरू करून दाखवला.

"कनेक्टेड कार हाय बे. आता गाड्या एकमेकींशी बोलणार. अपघात खल्लास."

"तुझी गाडी कंपनीशी बोलतीय," मास्तर म्हणाले. "शेजारच्या रिक्षाला त्याचा पत्ता नाही."

मास्तर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर आमच्यावरच तास घेतात. त्यांचं म्हणणं असं, की डॉलरच्या गाडीत एक सिम आहे. ते टॉवरमार्फत कुठल्यातरी सर्व्हरला निरोप धाडतं, तिथून तो मोबाइलवर येतो. सहकारी गाडीची गोष्ट वेगळी. तिला ना सिम लागतं ना टॉवर. ती आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबलाय का, एवढं सेकंदाला दहा वेळा रेडिओवरून ओरडून सांगते. मोकळ्या रस्त्यावर साधारण 300 मीटरमध्ये जो कुणी असेल त्यानं ऐकावं.

"सहकारी?" मामांनी कप खाली ठेवला. "मग चेअरमन कोण?"

आपल्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की कारखाना आठवणारच. पण मास्तर हसले नाहीत. "चेअरमनच नसतोय, तेच तर. सगळे सभासद."

मामांनी तीस वर्षं सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवला. त्यांना यात नवं काही दिसेना. हॉर्न काय, डिपर काय, हात बाहेर काढून हलवणं काय, गाड्या बोलतच आल्यात की. मास्तरांनी त्यांना हिशोब घातला. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पुढच्याचा लाल दिवा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, गाडी 33 मीटर गेलेली असते. आणि दिवा दिसतो तो फक्त लगेच पुढच्याचा. त्याच्यापुढं कंटेनर असेल, कंटेनरच्या पुढं कुणी करकचून थांबलं असेल, ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. रेडिओला कंटेनर आडवा आला तरी बातमी बऱ्यापैकी पोचते.

"आणि इथं?" मी समोरच्या चौकाकडं बोट केलं. सात रस्ते, सातांतून एकदम येणारी वाहनं.

"इथं तर लईच कामाचं. कोपऱ्याआडची गाडी दिसायच्या आधी कळायला पाहिजे. भिंती आल्या की सिग्नल कमजोर होतो, ते हाय. जीपीएस बी चारदोन मीटर चुकतंय, मग कोण कुठल्या लेनमधी ते ओळखायचं कसं?"

मामा इथं खुलले. "अहो, लेनचं सोडा. आमच्यात उजव्या इंडिकेटरचे दोन अर्थ. एक म्हणतोय, मी वळतोय. दुसरा म्हणतोय, जा बाबा पुढं, रस्ता मोकळा हाय. नवं पोरगं स्टिअरिंगवर असलं की फसलंच."

मास्तर खूश झाले, कारण हाच रोग मोठ्यांनाही झालाय. अमेरिकेनं 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्झच्या आसपास 75 मेगाहर्ट्झचा रेडिओ-पट्टा गाड्यांच्या बोलण्यासाठी राखून ठेवला. वायफायच्या घराण्यातली एक पद्धत त्यासाठी 2010 मध्ये ठरली, 802.11पी. फोक्सवॅगननं 2019 ची आठव्या पिढीची गोल्फ युरोपात आणली ती याच भाषेत बोलणारी. दरम्यान मोबाइलवाल्यांनी 2017 मध्ये स्वतःची भाषा काढली, सी-व्हीटूएक्स. चीननं ती धरली. बँड तोच, पण एकीचं दुसरीला कळत नाही. आणि 2020 मध्ये अमेरिकेनं त्या 75 पैकी 45 मेगाहर्ट्झ घरगुती वायफायला देऊन टाकले, उरलेले 30 मोबाइलवाल्यांच्या भाषेला.

"वीस वर्षं मोकळा प्लॉट ठेवला की अतिक्रमण होणारच," मी म्हणालो. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दोन्ही भाषांमधला फरक मास्तरांनी कट्ट्यावरूनच सांगितला. वायफायवाली पद्धत आमच्यासारखी: क्षणभर शांतता दिसली की बोलायचं. दोघं एकदम सुरू झाले तर दोघांचंही वाया, आणि "ऐकलं का?" असं कुणी विचारत नाही. मोबाइलवाली पद्धत भजनी मंडळासारखी: आधी थोडा वेळ ऐकायचं, कुणाची पाळी कधी येते ते बघायचं, मग मोकळी पाळी आपल्या नावावर धरायची. गर्दी वाढली की गोची दोघींची होते. गड्ड्याच्या दिवसात होम मैदानाभोवती जेवढ्या गाड्या अडकतात, त्या सगळ्या सेकंदाला दहादा ओरडल्या तर कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून दाटी झाली की प्रत्येकानं कमी वेळा बोलायचं, असाही नियम त्यात घातलाय. आमच्या कट्ट्याला तो लागू नाही.

"पण कुणी खोटंच ओरडला तर?" डॉलरनं विचारलं. प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते आणि माग काढता येऊ नये म्हणून सहीची ओळख थोड्या थोड्या वेळानं बदलते, एवढ्यावर मास्तरांनी ते आवरलं. मामांना दुसरंच बोलायचं होतं.

"तुमचं सगळं बरोबर. मोहोळच्या अलीकडं रात्री दोनला उसाची ट्रॉली एक्सल मोडून उभी हाय. मागं दिवा न्हाय. ती काय ओरडणार?"

खरी अडचण तिथं होती. आम्ही सगळे गप्प झालो. हंगामात आमच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवलेल्या माणसाला ते चित्र डोळ्यांपुढं आणावं लागत नाही: अंधारात ट्रॉलीबाहेर रस्त्यावर आलेला ऊस, मागं नुसतं वाढं लोंबतंय.

"ट्रॉलीवाला दगड मांडतोय की," मी म्हणालो.

"मांडतोय. सकाळी ट्रॉली नेतोय, दगड तसेच. मी दगडावर टायर फोडलाय, ट्रॉलीवर न्हाय."

मास्तर उठून उभेच राहिले. युरोपच्या पद्धतीत धोक्याचा एक वेगळा निरोप असतो, आणि त्या निरोपाला मुदत असते. ठरावीक वेळानं तो आपोआप मरतो. धोका आधीच संपला तर पाठवणारा तो रद्दही करतो. थोडक्यात, रेडिओचा दगड स्वतःचा स्वतः उचलला जातो. मला तरी सगळ्या संध्याकाळीत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटली.

डॉलर मात्र आकड्यांवर आला. शंभरात दहा गाड्या बोलक्या झाल्या, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही बोलक्या असण्याची शक्यता शंभरात एक. निम्म्या झाल्या तरी पंचवीसच. "म्हणून कुणी पहिला पैसा घालत नाही बे. माझ्या गाडीत बसवला तर मला काय मिळणार?"

माझं मत मी तिथंच दिलं, आणि अजून तेच आहे. सुरुवात डॉलरच्या गाडीपासून करूच नये. त्याला कॅमेरा आहे, रडार आहे, एसी तर आहेच. आधी ट्रॉलीला फक्त ओरडणारा स्वस्त डबा द्या. तिनं ऐकायची गरज नाही. मग डॉलरला ऐकणारा डबा घ्यायला कारण मिळेल.

"डब्याची बॅटरी कोण चार्ज करणार?" मामा म्हणाले. "मागचा लाल दिवा पन्नास रुपयांचा हाय, तो न्हाय लावत."

"कारखान्यानं लावावा. वजनकाट्यावरच."

"कारखाना उसाचं बिल तरी..."

इथून चर्चा एफआरपीवर, म्हणजे उसाच्या किमान दरावर गेली आणि अर्धा तास परत आली नाही. चहाचे पैसे डॉलरनं दिले, यूपीआयवरून, आवाजासकट.

निघताना मामांनी त्याच्या गाडीच्या खिडकीवर टकटक केलं. "पुण्याला कधी निघायलास?"

"पहाटे चारला. ट्रॅफिक नसतं."

"सातला निघ. उजाडू दे."

"मामा, सकाळी मीटिंग हाय."

"सातला," मामा म्हणाले, आणि डॉलरनं मोबाइल काढून मीटिंग पुढं ढकलली.